सरावाच्या पुस्तकाआधी वही उघडा

वाचकांचे प्रश्न : भौतिकशास्त्राचा सराव

या वेळच्या टपालात शालेय भौतिकशास्त्राच्या पूरक सरावसाहित्याविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पुस्तकांची नावे मी मुद्दामच देत नाही. एकाला उपयोगी पडलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती नुसते ओझे ठरते, आणि असे का होते याचा उलगडा पहिल्याच पत्राच्या निमित्ताने करता येण्यासारखा आहे.

प्रश्न : माझी मुलगी माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकते. वर्गात शिकवलेले तिला समजते, प्रकरणाखालचे स्वाध्यायही ती कोणाची मदत न घेता पूर्ण करते, परंतु परीक्षेत गुण मात्र निम्म्यावर येतात. घरात तीन पूरक पुस्तके आधीच आहेत. चौथे घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते?

उत्तर : चौथ्या पुस्तकाचा निर्णय आठवडाभर पुढे ढकला आणि तिच्या मागील दोन-तीन उत्तरपत्रिका घेऊन तिच्याबरोबर तासभर बसा. उत्तर चुकले एवढे पाहून थांबू नका, चूक कोणत्या पायरीवर झाली ते प्रत्येक उदाहरणाच्या समासात एखाद्या शब्दात लिहा. आकृतीच काढली नाही, एककांचे रूपांतर राहिले, बीजगणितात चिन्ह उलटे झाले, प्रश्नाचा अर्थच वेगळा लावला, किंवा मुळात नियमच चुकीचा निवडला, अशा चार-पाच प्रकारांतच बहुतेक चुका बसतात असे तुमच्या लक्षात येईल. हे वर्गीकरण तुम्हाला भौतिकशास्त्र येत नसले तरी करता येते, कारण मुलगी स्वतःच सांगेल की अडखळली कुठे. मग कोणते साहित्य हवे हे बव्हंशी तेच ठरवते. बीजगणितात चुका होत असतील तर भौतिकशास्त्राच्या आणखी शंभर उदाहरणांपेक्षा समीकरणे सोडवण्याचा पंधरा दिवसांचा सराव अधिक कामी येईल. एकके चुकत असतील तर कोणत्याही नव्या पुस्तकाची गरज नाही, प्रत्येक ओळीत एकक लिहिण्याची सवय पुरेशी आहे.

तुमच्या पत्रातील एक गोष्ट मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. स्वाध्याय जमतात आणि परीक्षा जमत नाही, हा अनुभव फार सार्वत्रिक आहे आणि त्याचे कारण अनेकदा स्वाध्यायाच्या मांडणीतच असते. ‘ऊर्जेची अक्षय्यता’ या मथळ्याखालचे उदाहरण सोडवताना कोणता नियम लावायचा हे मथळ्यानेच सांगून टाकलेले असते, विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त संख्या घालण्याचे काम उरते. परीक्षेत मथळा नसतो. १९८१ साली मिशेलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेसर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिक्यांना आणि तज्ज्ञांना भौतिकशास्त्राच्या उदाहरणांचे गट पाडायला सांगितले होते. नवशिक्यांनी उतरणीची उदाहरणे एका ढिगात आणि स्प्रिंगची दुसऱ्या ढिगात ठेवली, तर तज्ज्ञांनी तीच उदाहरणे ऊर्जेची अक्षय्यता किंवा न्यूटनचा दुसरा नियम अशा तत्त्वांनुसार लावली. आपली बहुतेक सरावपुस्तके प्रकरणवार असल्यामुळे हे गट पाडण्याचे काम विद्यार्थ्याला कधी करावेच लागत नाही, आणि परीक्षेत नेमके तेच काम त्याच्यासमोर येते.

एक उदाहरण घेऊ. घर्षणरहित उतरणीवरून, १.२५ मीटर उंचीवरून, एक ठोकळा स्थिर अवस्थेतून सुटतो. तळाशी त्याचा वेग किती? गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरले तर उत्तर ५ मीटर प्रति सेकंद येते, आणि उतरणीचा कोन किंवा ठोकळ्याचे वस्तुमान यांपैकी काहीही माहीत असण्याची आवश्यकता नाही. आता प्रश्नातील एकच शब्द बदलून ‘तळाशी पोहोचायला वेळ किती लागेल’ असे विचारले की कोनाशिवाय उत्तर देताच येत नाही. कोन ३० अंश दिला तर उतरणीची लांबी २.५ मीटर, त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि वेळ १ सेकंद. चित्र तेच, ठोकळा तोच, पण एका प्रश्नाला ऊर्जेचा विचार पुरतो आणि दुसऱ्याला बलांकडे वळावे लागते. अशी जोड-उदाहरणे ज्या संचात शेजारीशेजारी ठेवलेली असतील तो संच तुमच्या मुलीच्या कामाचा आहे.

म्हणून चौथे पुस्तक घेण्याआधी घरातल्याच तीन पुस्तकांतून मिश्र संच तयार करा. वेगवेगळ्या प्रकरणांतील वीस उदाहरणे कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवा, प्रकरणाचे नाव लिहू नका, चिठ्ठ्या मिसळा, आणि पहिल्या दिवशी तिला एकही उदाहरण सोडवू न देता फक्त ‘येथे कोणते तत्त्व लागेल आणि का’ एवढेच एका वाक्यात लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी सोडवू द्या. पहिले काही दिवस गुण आणखी घसरल्यासारखे वाटतील, त्याने घाबरून पुन्हा प्रकरणवार सरावाकडे वळू नये. तीन-चार आठवड्यांनंतरही चिठ्ठ्यांवरची वाक्ये अंदाजाने लिहिल्यासारखी असतील तर मग नवे पुस्तक पाहावे, आणि पाहताना शेवटी मिश्र उजळणीचे संच आहेत की नाहीत हे आधी तपासावे.

प्रश्न : मी शिक्षक आहे. शाळेने वर्गासाठी एक पूरक उदाहरणसंग्रह निवडण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. नमुन्यादाखल सात-आठ पुस्तके आली आहेत. ती सगळी वाचणे शक्य नाही, तर थोड्या वेळात पारख कशी करावी?

उत्तर : मी स्वतः एक उलटी रीत वापरतो, ती सांगतो. पुस्तक पहिल्या पानापासून न चाळता उत्तरसूचीपासून सुरुवात करतो. कोणतीही पाच उत्तरे निवडून ती स्वतः सोडवून पाहतो. पाचांपैकी दोन चुकली तर पुस्तक तिथेच बाजूला ठेवतो, कारण चुकीच्या उत्तराशी आपले बरोबर उत्तर जुळत नाही म्हणून रात्री अकरापर्यंत वही खोडत बसलेला मुलगा मी वर्गात पाहिलेला आहे. अंकांची संख्याही बरेच काही सांगते. दिलेली माहिती ‘२० मीटर प्रति सेकंद’ इतकी ढोबळ असताना उत्तर ‘४.०८१६ सेकंद’ असे छापलेले असेल, तर त्या लेखकाने गणकयंत्राच्या पडद्यावरून संख्या उतरवून घेतली, मापनाचा विचार केला नाही, असे समजण्यास हरकत नाही.

त्यानंतर सोडवलेली उदाहरणे पाहावीत. उत्तराची पहिली ओळ सूत्र असते की आकृती, हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक आहे. बलांवरच्या उदाहरणात वस्तू वेगळी काढून तिच्यावरची बले बाणांनी दाखवलेली नसतील आणि थेट ‘सूत्रानुसार’ म्हणून आकडेमोड सुरू होत असेल, तर विद्यार्थीही तेच शिकतील. उत्तर आल्यानंतर ते संभवनीय आहे का याची पडताळणी करणारी एखादी ओळ असेल तर त्या लेखकाला मी मनातल्या मनात नमस्कार करतो, कारण अशी ओळ फार थोड्या पुस्तकांत आढळते.

मग येतो प्रश्नांचा दर्जा. नुसत्या संख्या बदलून तेच उदाहरण दहा वेळा दिलेले असेल तर ती संख्या दहा नव्हे, एकच समजावी. चांगल्या संचात परिस्थिती बदलते. उदाहरणार्थ, लिफ्टमधील वजनकाट्यावर उभ्या असलेल्या ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे नेहमीचे उदाहरण घ्या. लिफ्ट वर जाताना २ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने वेग घेत असेल तर (गुरुत्व त्वरण मघाप्रमाणेच १० धरून) काटा ७२० न्यूटन दाखवतो, हे सर्व पुस्तकांत असते. परंतु लिफ्ट वरच जात आहे आणि तिचा वेग त्याच प्रमाणात कमी होत आहे, तेव्हा काटा काय दाखवेल, आणि लिफ्ट खाली जाताना वेग घेत असेल तेव्हा काय दाखवेल, हे ज्या पुस्तकात लगेच पुढे विचारलेले असते ते वेगळे. दोन्ही वेळा उत्तर ४८० न्यूटन येते, आणि काट्याचा संबंध गतीच्या दिशेशी नसून त्वरणाच्या दिशेशी आहे ही गोष्ट विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागत नाही, ती त्याला स्वतःच दिसते. तसेच काही उदाहरणांत अनावश्यक माहिती दिलेली असावी आणि काहींत आवश्यक वाटणारी माहिती गाळलेली असावी. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार, घर्षणांक ०.५, चाके पूर्ण जाम झाल्यावर थांबेपर्यंतचे अंतर काढा, असे विचारले की विद्यार्थी हमखास वस्तुमान कुठे आहे म्हणून विचारतात. ते लागतच नाही, उत्तर ४० मीटर, आणि वेग निम्मा केला तर १० मीटर. हा ‘निम्म्याचा पाव’ संबंध आकडेमोड न करता विचारणारा एखादा प्रश्न पुस्तकात आहे का, तेही पाहावे.

आकडेमोड नसलेले प्रश्न हा स्वतंत्र विषय आहे आणि निवड करताना तोच बहुधा निसटतो. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती, एकसरीत जोडलेल्या दोन सारख्या दिव्यांपैकी घटाच्या धन टोकाजवळचा दिवा अधिक प्रकाशमान असतो का, हे प्रश्न ऐकायला सोपे वाटतात. सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य, आणि पहिल्या दिव्याने धारा ‘वापरून टाकली’ म्हणून दुसरा मंद, ही उत्तरे सूत्रांत पारंगत असलेल्या मुलांकडूनही येतात. १९९२ साली डेव्हिड हेस्टेनिस, माल्कम वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर यांनी बल या संकल्पनेवरील अशीच एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्तीत ३० प्रश्न असून एकाही प्रश्नात आकडेमोड नाही, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष गैरसमजांवरून बेतलेले आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक मेझर यांनी तिच्याआधीची, त्याच धर्तीची चाचणी आपल्या वर्गाला दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहायची की मला वाटते त्याप्रमाणे. या अनुभवानंतर त्यांनी आपली शिकवण्याची पद्धतच पुढे बदलली. तुम्ही निवडाल त्या पुस्तकात अशा प्रश्नांचे प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास असावे असे माझे मत आहे. तेवढे नसेल तर पुस्तक नाकारू नका, ते प्रश्न तुम्ही स्वतः जोडा. पुस्तक आकर्षक आहे का, रंगीत आहे का, याला मी गुण देत नाही. आलेख मात्र मोठे आणि चौकटीच्या कागदावर वाचता येतील असे हवेत, कारण अंगठ्याएवढ्या आलेखावरून उतार काढता येत नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझ्याकडे प्रत्येक उदाहरणाचे संपूर्ण उत्तर दिलेले पुस्तक आहे. माझे मित्र म्हणतात की उत्तर पाहणे म्हणजे फसवणूक आहे. पण न पाहता मला पहिली ओळसुद्धा सुचत नाही. काय करू?

उत्तर : पहिली ओळ सुचत नसताना कोऱ्या कागदाकडे अर्धा तास पाहत बसण्यात काही मोठा पुरुषार्थ नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणिताच्या संदर्भात दाखवून दिले होते की विषय नवा असताना सोडवलेली उदाहरणे अभ्यासणारे विद्यार्थी, तेवढाच वेळ नुसती उदाहरणे सोडवत बसणाऱ्यांपेक्षा लवकर तयार होतात. तेव्हा सुरुवातीला उत्तर अवश्य पाहा. मात्र ते वाचण्याची रीत बदलावी लागेल. प्रत्येक ओळीनंतर थांब, पुढची ओळ कागदाने झाक आणि ‘ही ओळ का लिहिली’ याचे कारण वहीत तुझ्या शब्दांत लिही. कारण लिहिता आले नाही तर तेवढीच ओळ घेऊन शिक्षकांकडे जा. संपूर्ण उदाहरण समजले नाही असे सांगण्यापेक्षा तिसरी ओळ समजली नाही असे सांगितलेस तर त्यांनाही मदत करणे सोपे जाईल.

एका प्रकारची दोन उदाहरणे अशी वाचून झाली की तिसऱ्याचे उत्तर अर्ध्यावर झाकून उरलेला भाग स्वतः पूर्ण कर, चौथ्याची फक्त आकृती पाहा, पाचवे पूर्ण झाकून सोडव. येथे एक धोका सांगून ठेवतो. वाचताना सगळे सोपे वाटते आणि त्या सोपेपणालाच आपण समज म्हणू लागतो. म्हणून जे उदाहरण उत्तर पाहून समजले ते तीन दिवसांनी, पुस्तक मिटून, पुन्हा सोडवायचे. ते सुटले तरच त्यावर बरोबरची खूण कर. आणि विषय एकदा हातात आला की ही सगळी कुबडी टाकून दे, कारण सरावलेल्या विद्यार्थ्याला सोडवलेली उदाहरणे वाचण्याचा हा फायदा उरत नाही.

प्रश्न : मुलगा हुशार आहे. त्याला आतापासूनच ऑलिम्पियाडच्या पातळीची उदाहरणे द्यावीत का?

उत्तर : त्याने मागितली तर द्यावीत. १९६७ साली वॉर्सामध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडच्या लेखी परीक्षेत साधारणतः तीनच प्रश्न असतात आणि त्यांसाठी पाच तासांचा अवधी दिला जातो, यावरून त्या प्रश्नांचा स्वभाव ध्यानात येईल. महिन्याला असा एक प्रश्न, तोही घड्याळ न लावता, अर्धवट राहिला तरी चालेल अशा बोलीवर, हा आनंदाचा विषय होऊ शकतो. रोजच्या सरावाची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

प्रश्न : शाळेत प्रयोगशाळेचे तास कमी असतात. ती उणीव भरून काढण्यासाठी संगणकावरील आभासी प्रयोग पुरेसे होतील का, की घरी काही साहित्य आणावे? दोन्हींपैकी एकच निवडायचे झाल्यास काय निवडावे?

उत्तर : दोघांची कामे वेगळी आहेत. जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवणे, हे आभासी प्रयोगांचे बळ आहे. तारेतील धारा, वायूतील रेणूंची गती, विद्युतक्षेत्राची दिशा या गोष्टी टेबलावर मांडता येत नाहीत. नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वाइमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ हा संच विनामूल्य असून तो अनेक भाषांत उपलब्ध आहे, आणि मंडल जोडणीसाठी मी तो निःसंकोच सुचवतो. अट एकच की कळ दाबण्याआधी काय घडेल याचे भाकीत आणि त्याचे कारण वहीत लिहिलेले असावे. भाकीत न लिहिता मुले सरकपट्ट्या इकडेतिकडे ओढतात, रंग बदललेले पाहतात आणि दहा मिनिटांत कंटाळतात. चित्रफितींनाही हीच अट लावावी, प्रश्न विचारला जाताच ती थांबवता आली पाहिजे.

परंतु आभासी दोलक कधी चुकत नाही, आणि प्रयोगातून जे शिकायचे असते त्यातले पुष्कळसे चुकण्यातच असते. म्हणून एकच निवडायचे तर मी दोरा, एक जड मणी, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ निवडीन. १ मीटर लांबीच्या दोलकाला एका दोलनासाठी सुमारे २ सेकंद लागतात आणि २५ सेंटिमीटरच्या दोलकाला सुमारे १ सेकंद, म्हणजे लांबी चौपट केली की काळ दुप्पट होतो, एवढे पहिल्या दिवशी दिसते. दुसऱ्या दिवशी एका दोलनाऐवजी वीस दोलने मोजायला सांगावे. घड्याळ थांबवताना हाताची ०.२ सेकंदाची चूक झाली असे धरले तरी ती वीसांत विभागली जाऊन ०.०१ सेकंदावर येते, आणि मोजमापातील अनिश्चितता म्हणजे काय हे कोणत्याही व्याख्येशिवाय कळते.

खरी गंमत तिसऱ्या दिवशी येते. बहुतेक मुले लांबी मोजताना दोऱ्याच्या गाठीपासून मण्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजतात, मण्याच्या केंद्रापर्यंतचे अंतर विसरतात. मण्याची त्रिज्या १ सेंटिमीटर असेल तर २५ सेंटिमीटरचा दोलक त्यांच्या वहीत २४ सेंटिमीटरचा होतो, आणि त्यावरून काढलेले गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी ९.४ च्या आसपास येते. शिक्षकांनी किंवा पालकांनी ही चूक लगेच दाखवून देऊ नये. पाच-सहा वेगवेगळ्या लांबींसाठी मोजमाप घेऊन दोलनकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढायला सांगावे. रेषा सरळ येते, तिचा उतार मीटरमागे जवळजवळ ४ सेकंद वर्ग असतो, आणि त्यावरून गुरुत्व त्वरणाची किंमत बरोबर मिळते. फक्त ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही, किंचित बाजूने जाते, आणि लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे १ सेंटिमीटरवर छेदते. तो १ सेंटिमीटर कोठून आला हे विचारून गप्प राहावे. उत्तर मणी हातात घेतल्याशिवाय सापडत नाही.